पासवर्ड बरोबरच आहे

२ फेब्रुवारी

प्रिय खटपटे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. कान गेलेत ते गेलेलेच आहेत, त्यात नवीन बातमी नाही. फोन केला तर तू ओरडणार, मी ‘काय?’ म्हणणार, आणि शेवटी शेजारच्या बाईंना सगळं कळणार, मला काही नाही. ईमेल करावी तर कॉम्प्युटरच रुसून बसलाय आणि त्याचंच हे रडगाणं आहे. म्हणून कागद आणि पेन.

झालं असं की कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते लिनक्स मी नव्याने टाकलं. हो, मी स्वतः. आधीचं इतकं जुनं झालं होतं की कपड्यांचे पॅटर्न काढायचा प्रोग्रॅम रोज सकाळी तोंड वाकडं करायचा आणि नव्या प्रिंटरला तर ते ओळखच देईना. एक पुस्तिका मिळवली, पेन ड्राइव्ह तयार केला, पानं उलटत उलटत सगळं पार पाडलं. शेवटी पडद्यावर माझं अभिनंदनसुद्धा झालं. मी चहा करून घेतला आणि आले.

तर आता हे असं. पडद्यावर माझं नाव येतं. मी पासवर्ड घालते. पडदा काळा होतो, आता उघडणार असं वाटतं, आणि पुन्हा माझंच नाव आणि पुन्हा पासवर्डची रिकामी चौकट. कुणीतरी दार किलकिलं करावं, आपलं तोंड बघावं आणि परत लावून घ्यावं, अगदी तसं. रागावून काही बोलतही नाही. चार दिवस मी त्या दारात उभी आहे.

तुला माहीतच आहे आत काय आहे. कपड्यांच्या कारखान्यात मी आयुष्यभर कटिंग केलं ते सगळ्यांना सारख्या मापाचं. आता घरी करते ते ज्यांना दुकानातलं काहीच बसत नाही त्यांच्यासाठी. एक खांदा उतरलेल्या बाई आहेत, पाठीला बाक असलेली वकीलबाई आहे, आणि ऑपरेशननंतर छातीची एकच बाजू उरलेली ती कॅशियर. ती पहिल्यांदा आली तेव्हा टेप लावू देईना. अर्धा दिवस नुसती बसून होती. माप झाल्यावर म्हणाली, ‘हे एकदाच. पुन्हा कुणासमोर अशी उभी राहणार नाही.’ मी तिला शब्द दिला की पुन्हा लागणारच नाही, माझ्याकडे राहील. तो शब्द त्या डब्यात अडकलाय. तिचा नवा ब्लाउज मार्चअखेर द्यायचा आहे.

गल्लीतल्या कॉम्प्युटर दुकानदाराला बोलावलं होतं. त्याने यंत्राकडे न बघताच सांगितलं, ‘सगळं पुसून नवीन टाकू, आजी.’ मी त्याला चहा न देता वाटेला लावलं.

दादाला, माझ्याच लेकाला, यातलं अक्षर कळता कामा नये. तो मार्चच्या मध्यावर टेम्पो घेऊन येणार आहे, मला आणि माझ्या शिलाई मशीनला उचलून त्याच्या घरी न्यायला. मी नाही म्हटलंय, त्याने ऐकलं नाही. बहिरी मी आहे आणि ऐकत तो नाही. त्याला हे कळलं तर ‘बघ, तुला आता एकटीला झेपत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडात तयारच आहे.

तू एवढी इंजिनिअर झालीस, आता मावशीच्या उपयोगी पड.

तुझी मावशी


९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुमचं पत्र मिळालं. तुमची अडचण समजली. झालेल्या गैरसोयीबद्दल वाईट वाटलं.

कृपया पुढील गोष्टी तपासून पाहा. पहिलं, कॅप्स लॉकचा दिवा लागलेला नाही ना. दुसरं, कीबोर्ड मराठीवर राहिला आहे का; इन्स्टॉल करताना एक भाषा आणि लॉगिनला दुसरी असं झालं तर पासवर्ड चुकतो. तिसरं, लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात एक छोटं चाक असतं, त्यावर क्लिक करून दुसऱ्या प्रकारचा डेस्कटॉप निवडून पाहा. कधीकधी ग्राफिक्स कार्डाशी पटत नाही. चौथं, डिस्क पूर्ण भरली असेल तरीही असं होतं.

पेन ड्राइव्ह लावून कॉम्प्युटर त्यावरून सुरू केलात तर तुमच्या फायली दिसायला हव्यात. दिसल्या तर त्या दुसरीकडे कॉपी करून घ्या.

यापैकी कशानेच काम झालं नाही, तर पूर्ण डिस्क पुसून पुन्हा इन्स्टॉल करणं हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. आपल्या संयमाबद्दल आभारी आहे.

तुमची,
खटपटी


१५ फेब्रुवारी

खटपटे,

‘आपल्या संयमाबद्दल आभारी आहे’? कुणाच्या? मी तुला न्हाऊ-माखू घातलंय, माझ्याच खांद्यावर तू दोनदा ओकलीस, आणि आता मी ‘आपण’ झाले का? ‘तुम्ही’ कधीपासून म्हणायला लागलीस? हे पत्र तू लिहिलेलं नाहीस. तुझ्या हाताने दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय. काय झालंय तुला ते नंतर सांग, आधी माझं ऐक.

कॅप्स लॉक बघितला. मी म्हातारी आहे, आंधळी नाही. कीबोर्ड इंग्रजीवरच आहे. ते चाक फिरवून जेवढे प्रकार होते तेवढे सगळे घेतले, प्रत्येकाने मला तितक्याच नम्रपणे बाहेर काढलं. डिस्क अर्धीसुद्धा भरलेली नाही.

आणि पासवर्ड बरोबरच आहे. मी मुद्दाम एकदा चुकीचा घातला. तेव्हा लगेच लाल अक्षरांत ‘चुकलं’ म्हणून आलं. बरोबर घातला की काहीच म्हणत नाही, नुसतं काळं होऊन परत. म्हणजे तो मला ओळखतो. ओळखतो आणि तरी आत घेत नाही. अनोळखी म्हणून हाकललं असतं तर मला इतका राग आला नसता.

पेन ड्राइव्हवरून चालू करून बघितलं. माझं फोल्डर दिसतं. त्याच्यावर छोटं कुलूप काढलंय. क्लिक केलं तर म्हणतो परवानगी नाही. माझ्या फोल्डरला माझी परवानगी नाही, याला काय म्हणायचं? पण कुलूप आहे म्हणजे आत माल आहे. रिकाम्या कपाटाला कोण कुलूप लावतं?

तेव्हा पुसून टाकायचं नाव पुन्हा काढू नकोस. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असली डॉक्टरकी मला नको. कापड नीट बसत नाही म्हणून आपण गिऱ्हाईक बदलत नाही. शिवण कुठे ओढतेय ते बघतो आणि तेवढीच उसवतो. तू ती शिवण शोध. मार्च उजाडला तरी मी हटणार नाही.

मावशी

ता. क. कॅशियर काल बाजारात भेटली. नुसती हसली, ‘झालं का’ विचारलंसुद्धा नाही. विश्वास आहे तिचा. मी भाजी न घेताच परतले.


१९ फेब्रुवारी

प्रिय खटपटी,

तुला मी कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं, पण फोनवर हे नीट बोलता आलं नसतं.

आईच्या कॉम्प्युटरचं मला कळलं. गल्लीतल्या दुकानदाराने सांगितलं. त्याला मीच सांगून ठेवलंय, काही लागलं तर कळव म्हणून. ती तुला विचारणार हे उघड आहे. तेव्हा एक विनंती आहे. दुरुस्त होत असलं तरी तिला सांग की होणार नाही. जे गेलं ते गेलं म्हण. तू सांगितलंस तर ती ऐकेल.

मला वाईट समजू नकोस. ती एकटी राहते, दाराची बेल तिला ऐकू येत नाही, गॅस चालू राहिला तर वासाखेरीज काही कळायचं नाही. मी इथे रोज संध्याकाळी येतो, कुलूप काढतो, दिवे लावतो, आणि मनात पहिलं येतं की आई तिकडे काय करत असेल. ते पॅटर्न आहेत तोवर ती जागची हलणार नाही. नसले तर येईल. माझ्याकडे तीन खोल्या आहेत आणि राहणारा एक माणूस.

सोळा तारखेचा टेम्पो ठरवलाय. तोवर सांभाळून घे.

तुझा,
दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

नाही.

तुझी काळजी खरी आहे हे मला कळतं, म्हणून तुझं पत्र फाडलं नाही. पण तिने कष्टाने उभं केलेलं मोडलंय असं खोटं सांगून तिला गाडीत बसवायचं, याला काळजी म्हणत नाहीत. बेल ऐकू येत नाही तर बेलबरोबर पेटणारा दिवा बसव. गॅसचा वास धरणारं यंत्र मिळतं, ते घे. ते करायला टेम्पो लागत नाही.

आणि तीन खोल्यांचं म्हणशील, तर वहिनी घर सोडून गेल्यापासून तू कुणाशी धड बोललेला नाहीस. आईला न्यायचंय की एकटं राहवत नाहीये, हे आधी स्वतःला विचार. दुसरं असेल तर तसं सांग तिला. ती तुझी आई आहे, सामान नाही.

मी ते दुरुस्त करणार. मला जमेल की नाही माहीत नाही, पण जमणार नाही असं मी तिला सांगणार नाही.

खटपटी


२४ फेब्रुवारी

मावशी,

तुझ्या पत्राच्या दोन चपराका कानशिलात बसल्या. बऱ्या बसल्या.

तू ओळखलंस ते खरं आहे. मी इंजिनिअर वगैरे काही राहिलेले नाही, मी मदतकक्षात बसते. माणसं फोन करतात, समोर पडद्यावर वाक्यं तयार असतात, ती वाचायची. घड्याळ लावलेलं असतं. ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर ‘पुसून पुन्हा टाका’ सांगायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. माणसाचं काय गेलं ते कुठेच मोजत नाहीत, फोन किती झाले ते मोजतात. तुझं पत्र आलं तेव्हा माझा हात आपोआप तीच वाक्यं लिहून मोकळा झाला. वाचलंसुद्धा नाही मी पाठवताना.

आता नीट वाचलं. दोन्ही पत्रं पुन्हा पुन्हा वाचली. तू सांगितलेल्यात दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत. एक, चुकीचा आणि बरोबर पासवर्ड यांना तो वेगवेगळं वागवतो. म्हणजे दार उघडतंय, पुढची पायरी ठेवायला जागा मिळत नाहीये. आत शिरल्यावर त्याला तुझ्या फोल्डरमध्ये चार ओळी लिहाव्या लागतात. तेच जमलं नाही की तो तुला परत बाहेर आणून सोडतो. दुसरी गोष्ट ते कुलूप.

तर आता असं कर. लॉगिनच्या पडद्यावर असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाब. चित्रं जातील, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं येतील. घाबरू नकोस, तेही दारच आहे, मागचं. तिथे नाव आणि पासवर्ड घाल. पासवर्ड टाइप करताना काही दिसणार नाही, तरी घालत राहा. मग सोबतच्या कागदावरची पहिली ओळ जशीच्या तशी टाइप कर आणि जे येईल ते एकही अक्षर न गाळता मला लिहून पाठव. त्याने काही बिघडत नाही, ती ओळ फक्त बघते.

आणि मावशी, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. हे नव्याने टाकताना तू नेमकं काय काय केलंस? पुस्तिकेत नसलेलं काही? तुझ्या पत्रात एक जागा मोकळी वाटते मला.

खटपटी


३ मार्च

खटपटे,

मदतकक्षात आहेस म्हणून एवढं तोंड पाडायला काय झालं? मी तुला इंजिनिअर म्हणून गल्लीभर मिरवलंय, आता ते परत घेणार नाही. तू तुझं बघ.

मागचं दार उघडलं. चक्क आत घेतलं मला, पण खाली एक ओळ आली की तुझ्या फोल्डरमध्ये जायची परवानगी नाही. म्हणजे ओसरीवर बसा, आत येऊ नका. मग तुझी ओळ टाइप केली. जे आलं ते वेगळ्या कागदावर अक्षर न अक्षर उतरवलंय, पॅटर्नवर खुणा करतात तसं मोजून. तुला दिसेलच, पण मला जे दिसलं ते सांगते. दोन फोल्डर आहेत. एक दादाचं जुनं आणि एक माझं. दोन्हीसमोर मालकाचं नाव असतं म्हणे. दादाच्या फोल्डरसमोर माझं नाव आहे. आणि माझ्या फोल्डरसमोर कुणाचंच नाव नाही, नुसता आकडा, १००१. मी बराच वेळ ते बघत बसले. मला कळेना की हसावं की यंत्राला एक लगावावी.

आता ते मोकळ्या जागेचं. तुझं नाक तुझ्या आईवर गेलंय.

तो कॉम्प्युटर पहिल्यांदा दादानेच लावून दिला होता. पहिलं नाव त्याने स्वतःचं घातलं, दुसरं माझं. मालक तो. मी नुसती वापरणारी. नवा फॉन्ट हवा, दादाला विचार. प्रिंटर बदलला, दादाचा पासवर्ड. तो दुसऱ्या गावी गेला तरी तो पासवर्ड त्याने मला दिला नाही. म्हणायचा, ‘तू काहीतरी बिघडवशील.’ मी त्याला पेन्सिल धरायला शिकवली गं. प्रिंटरसाठी मी एकदा नऊ दिवस थांबले, कारण त्याला यायला वेळ नव्हता. घर माझं, काम माझं, आणि प्रत्येक गोष्टीला त्याचं ‘बघून सांगतो’.

म्हणून नव्याने टाकताना मी दादाचं नाव घातलंच नाही. पहिलं माझं घातलं. मालक मी. डिस्कचे दोन भाग आहेत हे मला माहीत होतं, एकात यंत्राचं, एकात माणसांचं. यंत्राचा भाग बदलला आणि माणसांच्या भागाला हात लावला नाही. नाव पूर्वीचंच, पासवर्ड पूर्वीचाच. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही, आणि त्याला वगळलं याचा मला पश्चात्ताप नाही. त्याच्या फायलींना धक्का लावलेला नाही. त्या आता माझ्या नावावर दिसतात, तरी मी उघडल्या नाहीत. त्याने माझ्यावर कुलूप लावलं म्हणून मी त्याच्या कपाटात डोकावणार नाही.

हे तुला सांगायचं नव्हतं, कारण तू म्हणाली असतीस, हट्टापायी केलंस. केलं. हट्टापायीच केलं.

टेम्पोला दोन आठवडे उरलेत. शेंडी तुटो की पारंबी तुटो, मला ते आधी उघडून हवंय.

मावशी


८ मार्च

मावशी,

सापडली शिवण. तुझ्या हट्टातच होती.

यंत्राला नावं कळत नाहीत. नाव आपल्यासाठी असतं, ते आकडे लक्षात ठेवतं. जो पहिला येईल त्याला १०००, पुढच्याला १००१. पूर्वी दादा पहिला होता, तू दुसरी. तुझी प्रत्येक फाइल १००१ च्या मालकीची म्हणून लिहिली गेली. आता नव्या यंत्रात तू पहिली झालीस, म्हणजे तू १०००. जुन्या फोल्डरांना हे कुणी सांगितलंच नाही. ती अजून १००१ ची वाट बघतायत आणि १००१ नावाचं कुणी उरलेलं नाही. दादाची फोल्डरं १००० ची, म्हणून ती आपोआप तुझी झाली. नाव तेच, पासवर्ड तोच, आणि तरी त्या डिस्कच्या लेखी तू परकी आहेस.

म्हणजे काहीही गेलेलं नाही. एकही पॅटर्न नाही, एकही माप नाही. फक्त मालकी तुझ्या नावावर करायची आहे. त्यासाठी कुणालाच विचारावं लागत नाही, कारण आता परवानगी देणारी तूच आहेस. दादाला तू पहिल्या जागी पुन्हा बसवलं असतंस तर हा घोटाळाच झाला नसता, हे मला सांगायला हवं. पण मग तुझा प्रिंटर पुन्हा नऊ दिवस थांबला असता. तू केलंस ते मला आवडलं.

सोबतच्या कागदावर एकच ओळ आहे, मोठ्या अक्षरात. मागच्या दाराने जा आणि ती टाइप कर. एक सावधगिरी. जिथे मी लाल पेनाने गोल केलाय तिथे तिरकी रेघ आणि पुढचा शब्द जोडून आहेत. मध्ये जागा सुटली तर सबंध यंत्राची मालकी बदलेल आणि मग खरोखरच पुसावं लागेल. एंटर दाबायच्या आधी कागदाशी एकेक अक्षर जुळवून बघ. तुझा पासवर्ड मागेल, तो घाल. काहीच उत्तर आलं नाही तर समज की झालं. यंत्राचा स्वभाव असा आहे, काम झालं की गप्प.

दादाने मला पत्र लिहिलं होतं. काय ते त्यालाच विचार. मी नाही म्हणून कळवलं.

आणि माझं. परवा एका माणसाचा अगदी तुझ्यासारखाच फोन आला, आत घेऊन परत बाहेर काढतंय म्हणून. पडद्यावर वाक्य आलं, पुसून पुन्हा टाका. मी ते वाचलं नाही. त्याला मागच्या दाराने नेलं. वेळ संपला, वरच्या बाई येऊन मागे उभ्या राहिल्या, मी फोन ठेवला नाही. शेवटी त्याची फोल्डरं उघडली तेव्हा तो माणूस एकेका फाइलचं नाव मला मोठ्याने वाचून दाखवत सुटला. मला समज मिळाली, लेखी. दुसरी मिळाली तर नोकरी जाईल. मिळेलच, कारण मी आता ते वाक्य कुणालाच सांगणार नाही. भीती वाटते, मावशी, खोटं कशाला सांगू. पण बरं वाटतंय.

खटपटी


१८ मार्च

लाडके खटपटे,

तुझं पत्र चौदा तारखेला आलं. मी लगेच बसले नाही. आधी सगळी कामं आवरली, चष्मा पुसला, कागद चिकटपट्टीने पडद्याच्या कडेला लावला. ओळ टाइप केली आणि कागदाशी जुळवली, सरळ एकदा आणि शेवटाकडून उलटी एकदा. लाल गोलापाशी बोट ठेवून तिसऱ्यांदा बघितलं. महागड्या कापडाला कात्री लावताना मी इतकी कधी घाबरले नव्हते, कारण कापड दुसरं मिळतं. एंटर दाबलं. काहीच आलं नाही. तू सांगितलं नसतंस तर मी तिथेच रडायला बसले असते.

मग पुढच्या दाराने गेले. नाव, पासवर्ड, काळा पडदा. आणि उघडलं गं. जसंच्या तसं. माझं पिवळं फोल्डर, त्यात वकीलबाई, खांदेवाल्या बाई, कॅशियर, सगळ्या आपापल्या जागी. कॅशियरचा पॅटर्न उघडून तिच्या बगलेतली ती वळणाची रेघ बघितली आणि मग मात्र मी रडले. ब्लाउज बेतून झालाय. तिला पुन्हा कुणासमोर उभं राहायला लागणार नाही.

सोळाला दादा आला. टेम्पो दारात, खोकी, दोऱ्या, सगळा जामानिमा. आल्या आल्या म्हणाला, ‘कॉम्प्युटरचं कळलं मला, जाऊ दे, आता आवरायला घेऊ.’ मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, चालू कर. त्याने केला. नाव आलं ते एकच, माझं. त्याने पडद्यावर बोट टेकवलं. म्हणाला, ‘माझं नाव काढलंस?’ मी म्हटलं, ‘काढलं. फायली आहेत, त्यांना हात लावलेला नाही. नाव हवं असेल तर मला विचार.’ लाल झाला. मी त्याला उठवलं, त्याच्यासमोर त्याचं नाव घातलं, आणि तीच ओळ, ह्या वेळी कागदाशिवाय, त्याच्या फोल्डरसाठी टाइप केली. त्याच्या फायली त्याच्या नावावर झाल्या. मालक मात्र मीच. तो माझ्या बोटांकडे बघत होता. तोंडातलं ते तयार वाक्य बाहेर आलंच नाही.

मग तुझं पत्र, त्याचं पत्र, सगळं विचारलं. त्याने सांगितलं. मी चिडले, खूप. म्हटलं, ‘माझे पॅटर्न गेले असं सांगून नेणार होतास मला? त्या बाईला मी काय तोंड दाखवलं असतं?’ तो वळून खोक्यांच्या दोऱ्या गुंडाळू लागला. मी शिवलेला जुना कोट अंगात होता त्याच्या, लग्नाआधीचा. खांदे खाली ओघळलेले, पाठीवर कापड झोळ पडून. माझी नजर तिकडे गेली ती गेलीच, सवय आहे. टेप काढला आणि त्याला सरळ उभं केलं. कॉम्प्युटरवर त्याचा जुना पॅटर्न उघडला आणि आकडे शेजारी ठेवले.

छाती तीन इंचांनी गेलीय, खटपटे. कंबर त्याहून. मानेची हाडं हाताला लागली. माझी गॅसची काळजी करणारा हा माणूस वर्षभर जेवलेला नाही. मी टेप तसाच धरून राहिले. तो माझ्याकडे वळला, मला ओठ दिसावेत म्हणून सावकाश बोलला. ‘आई, चल ना. मला एकट्याला राहवत नाही तिथे.’

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने मला विचारलं. आत्तापर्यंत नुसता सांगत होता.

मी त्याला जवळ घेतलं. जेवू घातलं, समोर बसून, ताट पुसेपर्यंत. सांगितलं की नवा कोट शिवते, फिटिंगला दर रविवारी इथे यायचं, कोट झाला तरी यायचं. तुझी खोली आहे, अंथरूण आहे, आता तर कॉम्प्युटरवर नावही आहे. माझी कामं इथे आहेत, माझी माणसं इथे येतात, मी इथून हलणार नाही. ‘हो’ म्हणाला. खोकी परत टेम्पोत चढवली. टेम्पोवाला माझ्याकडे आणि त्याच्याकडे बघत उभा होता, नेमकं कुणाला न्यायचंय ते त्याला कळत नव्हतं. दादा त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि दार उघडंच ठेवलं, बराच वेळ.

मी त्याच्या मांडीवर रात्रीच्या जेवणाचा डबा ठेवला गं. पण मी गाडीत बसले नाही.

तुझी,
मावशी